नॉर्टन कमांडोची इंजिन माउंटिंग: आयसोलॅस्टिकचा गॅप, रबर आणि हेड स्टेडी नीट बसवायची पद्धत

कमांडो ही नॉर्टनची जुनी इंग्लिश मोटरसायकल. ती लांब वळणावर साठ-सत्तर मैलांच्या स्पीडला मागून लडबडायला लागली की लोक आधी टायर बदलतात, मग शॉकॲब्झॉर्बर, मग हँडलचे बेअरिंग, आणि बराच खर्च झाल्यावर कुणीतरी विचारतं की आयसोलॅस्टिकचा, म्हणजे इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर टांगलंय तिचा, गॅप कधी बघितलास का. या गाडीत तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. माझं स्पष्ट मत आहे की कमांडोवर एक रुपया किंवा एक पौंड सुद्धा दुसरीकडे घालवायच्या आधी इंजिनची माउंटिंग खोलून, साफ करून, मोजून परत बसवावी. निम्म्या गाड्या तेवढ्यानेच सुधारतात, नवीन महाग पार्ट न टाकता.

आधी हे सगळं केलं कशासाठी ते समजून घ्या, नाहीतर शिम, म्हणजे गॅप कमी करायच्या पातळ चकत्या, टाकताना आपण काय करतोय ते कळत नाही. नॉर्टनचं हे ट्विन इंजिन बर्ट हॉपवुडने चाळीसच्या दशकाच्या शेवटी ५०० सीसीचं म्हणून काढलं होतं. पुढे ते वाढवत वाढवत कमांडोच्या आधीच्या ॲटलस मॉडेलमध्ये ७४५ सीसीपर्यंत नेलं. दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, त्यामुळे सीसी वाढवली तशी धडधड पण वाढली, ॲटलस हायवेला चालवणाऱ्याचे हात-पाय बधिर व्हायचे. नवीन इंजिन काढायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता, म्हणून डॉ. स्टेफान बाउर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी वेगळा मार्ग काढला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंग आर्म हे सगळं एका क्रेडलमध्ये, म्हणजे स्टीलच्या पाळण्यात, एकत्र जोडायचं आणि तो पूर्ण गठ्ठा रबरावर चेसिसमध्ये टांगायचा. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट शोमध्ये ही गाडी दाखवली, आणि इंग्लंडच्या मोटरसायकल न्यूजच्या वाचकांनी तिला १९६८ पासून सलग पाच वर्षं मशीन ऑफ द इयर निवडलं.

आता यातली खरी गंमत. क्रँक आडवा आहे, त्यामुळे इंजिनचे हिसके वर-खाली आणि पुढे-मागे बसतात, डावी-उजवीकडे फारसे नाहीत. म्हणजे इंजिनला वर-खाली आणि पुढे-मागे मोकळं सोडायचं आणि आडवं मात्र अजिबात हलू द्यायचं नाही, कारण मागचं चाक त्याच गठ्ठ्याला जोडलेलं आहे, ते आडवं हललं तर पुढचं चाक एका रेषेत आणि मागचं दुसऱ्या. रबर सगळ्याच दिशांना मऊ असतं, त्याला डावं-उजवं कळत नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या माउंटिंगच्या दोन्ही टोकांना सपाट फेस दिलेत, मधे टेफ्लॉनचा वायसर आणि त्यात अगदी बारीक गॅप. फेस एकमेकांवर घसरतात म्हणून वर-खाली हालचाल होते, आडवं जायला गेलं की फेस अडवतो. हा गॅप वाढला की मागचं चाक सैल झालं, आणि गॅप संपला की सगळी धडधड चेसिसमध्ये आली. पूर्ण काम या एका गॅपभोवती फिरतं.

कंपनीचा आकडा आहे १० थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, मिलिमीटरमध्ये पाव. बरेच जुने जाणते लोक ६ थाऊपर्यंत खाली येतात. गॅप कमी केला तर गाडी वळणात जास्त घट्ट वाटते पण थोडी धडधड वाढते. मी ८ च्या आसपास ठेवायला सांगेन, पण फेस चांगले असतील तरच. फेस खडबडीत असतील तर ६ असो की १०, काही अर्थ नाही.

खोलायच्या आधी गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक वरून धरून डावी-उजवीकडे जोरात हलवून बघा, एक हात मागच्या माउंटिंगपाशी ठेवायला कुणाला तरी बसवा. हालचाल माउंटिंगमध्ये आहे की स्विंग आर्मच्या स्पिंडलमध्ये हे इथेच ठरवायचं. १९७५ च्या मार्क ३ मॉडेलच्या आधीच्या गाड्यांमध्ये तो स्पिंडल क्रेडलच्या नळीत मधल्या एका बोल्टवर धरलेला असतो, तिथे झीज होते आणि मग स्पिंडलच नळीत खेळायला लागतो. लोक शिमवर शिम टाकत बसतात आणि दोष इथे असतो. नळीला दोन्ही टोकांना क्लॅम्प बसवणं हा त्याच्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे. आणि स्विंग आर्मच्या बुशना ग्रीस मारायचं नाही, १४० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. ग्रीस आत जात नाही, तेलाची वाट मात्र बंद होते.

हत्यारं फार लागत नाहीत. एएफ साइजचे (इंची मापाचे) पाने, जुन्या गिअरबॉक्सच्या काही नटांसाठी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने, गॅप मोजायचं फिलर गेज, टॉर्क रेंच, एक जॅक, लाकडाचे ठोकळे, आणि आट्यांचा एक लांब रॉड दोन-चार जाड वायसर आणि नटांसकट, जो रबर ओढायला लागणार आहे. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. बोल्टला मेट्रिक पाना ‘बसतोय की’ म्हणून लावू नका, पन्नास वर्षांच्या नटाचे कोपरे एकदाच गोल होतात.

इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावा, चेसिसला वेगळा आधार द्या. दोन्हींना वेगवेगळा आधार हवा हे लक्षात ठेवा, कारण मेन बोल्ट काढला की ते दोन वेगळे भाग होतात आणि गठ्ठा चांगलाच जड आहे. बॅटरी काढा, टाकी काढा, एक्झॉस्ट पाइप काढले तर पुढे हात घालायला जागा होते. मग वरची हेड स्टेडी, म्हणजे इंजिनचं हेड चेसिसला धरणारा आधार, सोडवा. पुढची माउंटिंग सोपी, चेसिसमधून जाणारा लांब बोल्ट काढायचा, क्रँककेसला धरलेले बोल्ट काढायचे, पूर्ण युनिट हातात येतं. बोल्ट गंजून आतल्या स्लीव्हला चिकटला असेल तर हातोडीने ठोकून आटे चपटे करू नका, दोन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल पिऊ द्या आणि जॅक थोडा थोडा वर-खाली करत वजन मोकळं झालं की बोल्ट फिरवत फिरवत बाहेर काढा. योग्य उंचीला आला की तो हाताने सरकतो.

मागच्या माउंटिंगची नळी क्रेडलचाच भाग आहे. शिम बदलायचे असतील तर गाडीवरच कसंबसं जमतं, पण रबर बदलायचं असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून क्रेडल टेबलावर घेतलेलं बरं. इंजिन कुठल्याही कारणाने उतरलं असेल तर मागचे रबर त्याच वेळी करून टाका, परत परत तिथे जायला कुणाला आवडत नाही. आणि क्रेडल बाहेर आहेच तर वेल्डच्या कडा वायर ब्रशने साफ करून चिरा बघा. अगदी सुरुवातीच्या १९६८ च्या गाडीत चेसिसचा हेडस्टॉकखालचा (हँडलच्या नळीखालचा) भाग पण बघा, त्या पहिल्या चेसिसना तिथे तडे जायचे, म्हणून रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या केन स्प्रेसनने पुढे वरच्या जाड नळीखाली एक जास्तीची आडवी नळी घालून ते घट्ट केलं. तुमच्या गाडीला ती नळी नसेल तर जाणकार फ्रेमवाल्याला दाखवल्याशिवाय चालवू नका.

आता रबर. जुनं रबर संपलंय का हे बघायला ते दाबून बघून उपयोग नाही, टोकाकडून बघा. आतली स्टीलची स्लीव्ह नळीच्या मधोमध असायला हवी. नळी खाली बसलेली आणि स्लीव्ह वरच्या बाजूला गेलेली दिसली तर रबराने आकार सोडलाय, इतकी वर्षं इंजिनचं वजन एकाच बाजूने घेतलंय त्याने. कुठे ऑइल लागून फुगलंय, कुठे स्टीलपासून सुटलंय, हे पण दिसतं. जुनं काढायला लांब रॉड घालून एका बाजूने सॉकेट किंवा पाइपचा तुकडा लावून ओढा. नाहीच निघालं तर ड्रिलने रबर फोडून बाहेर काढा पण नळीच्या आतल्या भिंतीला ओरखडे पडू देऊ नका. नंतर नळी आतून पॉलिश पेपरने घासून गंज पूर्ण काढा, धूळ पुसून घ्या.

नवीन रबर बसवताना खूप लोक इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावतात, कारण हाताशी तेच असतं. करू नका, पेट्रोलियमच्या वस्तूने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी चालतं, सिलिकॉन ग्रीस सगळ्यात चांगलं. थंडीच्या दिवसात, आणि इंग्लंडच्या गॅरेजमध्ये तर वर्षातले आठ महिने थंडीच असते, रबर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा, मऊ होऊन निम्म्या ताकदीत आत जातं. रॉड, वायसर आणि नट लावून हळूहळू ओढायचं, तिरकं जायला लागलं की थांबायचं, परत मागे घेऊन सरळ करायचं. मधल्या स्पेसरचा आणि छोट्या बफरांचा क्रम जुनी माउंटिंग खोलतानाच फोटो काढून ठेवा, कारण मॉडेलप्रमाणे फरक आहे आणि गाडीवर आधी कुणी काय बसवलंय त्याचा भरवसा नसतो. बफर राहून गेला तर इंजिन थांब्याशिवाय आदळायला लागतं. स्लीव्ह आणि स्पेसर एकमेकांना टेकून एक सलग दांडा झाला पाहिजे, मधे कुठे फट राहिली तर बोल्ट टाइट केल्यावर रबर सरकतं आणि मोजलेला गॅप दुसऱ्या दिवशी वेगळाच निघतो.

बाजारात कडक पॉलियुरेथेनचे बुश पण मिळतात आणि ‘रेसिंग’ म्हणून विकले जातात. रस्त्यावरच्या गाडीत मी ते घालणार नाही. या गाडीचा सगळा आनंद तिच्या गुळगुळीतपणात आहे, तोच विकून टाकायचा आणि बदल्यात जे मिळतं ते चांगले फेस आणि बरोबर गॅप केल्यावर असंही मिळतंच. पीटर विल्यम्सने १९७३ ची फॉर्म्युला ७५० टीटी जिंकली ती जॉन प्लेअर नॉर्टन ही रेसची गाडी सुद्धा आयसोलॅस्टिकवरच होती. मूळ कल्पनेत दम आहे, तिला नीट बसवायला हवं.

फेसकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या गाड्यांवरच्या टोकाच्या कॅप क्रोमच्या असतात, क्रोम सुटायला लागलं की खाली गंज धरतो आणि तो खडबडीत भाग टेफ्लॉनचा वायसर घासून खातो. म्हणून आज १० सेट केलेला गॅप काही महिन्यांत २० होतो आणि मालक म्हणतो की आयसोलॅस्टिक टिकतच नाही. स्टेनलेसच्या कॅप मिळतात, घासून सपाट केलेल्या, या गाडीवर तुम्ही जी पहिली सुधारणा कराल ती हीच असू द्या. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर कॅप आठच्या आकड्यात फिरवून बघा, कुठे चमक येते आणि कुठे नाही त्यावरून सपाट आहे की नाही कळतं. टेफ्लॉनचे वायसर नवीनच टाका, जुने वाचवण्यात काही फायदा नाही.

याच ठिकाणी अजून एक गोष्ट, जी रिस्टोर केलेल्या सुंदर गाड्यांवर हटकून सापडते. चेसिसला पावडर कोटिंग केलेलं असतं आणि माउंटिंग जिथे चेसिसला टेकते त्या फेसवर पण ते तसंच ठेवलेलं असतं. पावडर कोटिंग म्हणजे एका बाजूला दोन-चार थाऊ सहज. बोल्ट टाइट केल्यावर ते हळूहळू दबतं, बोल्टचा ताण जातो, गॅप बदलतो. ज्या फेसवर धातू धातूला टेकतो तिथला रंग पूर्ण खरवडून काढा, गंज येऊ नये म्हणून पातळ सिलिकॉन ग्रीस लावा. रंगाची कड नीट हवी असेल तर वायसरच्या मापाची गोल खूण करून तेवढंच खरवडा, बाहेरून काही दिसत नाही.

जोडताना आत नळीच्या टोकांना आणि फेसना सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने भरा, रबरी गेटर बसवा, पाणी आणि धूळ बाहेर ठेवायचं काम त्यांचं आहे, ते फाटलेले असतील तर बाकी सगळी मेहनत एका पावसाळी हिवाळ्यात जाते. बोल्टला आणि स्टडला अँटिसीझ लावा, म्हणजे पुढच्या वेळी काढणारा तुम्हाला दुवा देईल. नायलॉक नट नवीन. पुढचा आणि मागचा दोन्ही बोल्ट आधी हाताने बसवा, जॅकने इंजिन असं उचला की बोल्ट स्वतःच्या वजनाने सरकेल, मग टाइट करा. टॉर्क २५ ते ३० फूट-पौंड, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा बघून घ्या.

गॅप नेहमी बोल्ट पूर्ण टॉर्क केल्यावरच मोजायचा. गेटर मागे सरकवा, इंजिन एका बाजूला ढकला, मग दुसऱ्या बाजूला टेफ्लॉन आणि फेसच्या मधे फिलर गेज घाला. एकाच जागी घालून थांबू नका, वर, खाली, पुढे, मागे सगळीकडे घाला. वर ६ आणि खाली १२ येत असेल तर कॅप तिरकी बसली आहे किंवा चेसिसचा कान वाकलाय, तिथे शिम टाकून काही होणार नाही, आधी ते सरळ करावं लागेल. सगळीकडे सारखा आला तर हिशोब सोपा आहे, शिम वाढवला की गॅप कमी. मोजला १८ आणि हवा ८, तर १० थाऊचा शिम टाका. परत बोल्ट काढा, शिम घाला, टॉर्क करा, मोजा. कंटाळवाणं आहे पण जुन्या मॉडेलमध्ये याला दुसरा रस्ता नाही. शिम टेफ्लॉनच्या न घसरणाऱ्या बाजूला जातो, घसरणाऱ्या बाजूला नाही.

शिम डाव्या बाजूला टाकायचा की उजव्या, याचा पण विचार करा. गॅप दोन्हीकडे सारखाच येईल, पण इंजिन आणि त्याच्याबरोबर मागचं चाक तेवढं आडवं सरकतं. लांब सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा दोन्ही चाकांना लावून लाइन बघा आणि जिकडे सरकायला हवं त्याप्रमाणे शिम वाटून घ्या. फरक छोटा असतो पण फुकट मिळतोय तर घ्यावा.

हे शिमचं झंझट कंपनीने ८५० मार्क ३ मध्ये संपवलं. तिथे आट्यांचा ॲडजस्टर आहे, मेन बोल्ट ढिला करायचा, ॲडजस्टर फिरवायचा, बोल्ट टाइट करून मोजायचं, दहा मिनिटांत काम झालं. जुन्या गाडीवर हाच प्रकार किटच्या रूपात बसवता येतो आणि मला विचाराल तर जो माणूस गाडी खरंच चालवतो त्याने तो बसवावा, कारण ॲडजस्ट करणं सोपं असलं की माणूस ते वेळेवर करतो. घेण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, माझ्या वर्षाच्या गाडीत नळी लेथवर कापावी लागेल का. काही किट तशीच बसतात, काहींना नळी आखूड करावी लागते, आणि कापायची असेल तर टोक नळीच्या अक्षाशी बरोबर काटकोनात यायला हवं, ग्राइंडरने घासून ते होत नाही. बसवताना ॲडजस्टरच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा, कोरडे बसवले तर दोन वर्षांत जाम होतात आणि मग शिम बरे होते असं वाटायला लागतं. अँडोव्हर नॉर्टनकडे मूळ ड्रॉइंगवरून बनवलेले पार्ट मिळतात, रबर आणि कॅपसारख्या वस्तू तिथून किंवा तशाच भरवशाच्या ठिकाणाहून घ्या, स्वस्तातल्या रबराचा कडकपणा प्रत्येक लॉटला वेगळा निघतो.

हेड स्टेडी सगळ्यात शेवटी. पुढची-मागची माउंटिंग टॉर्क झाली, गॅप बरोबर आला, गाडी चाकांवर उभी केली, मग वर हेड स्टेडी लावायची, आणि ती कुठेही ओढाताण न होता आपोआप भोकांवर बसली पाहिजे. स्क्रूड्रायव्हरने रेटून भोकं जुळवावी लागली तर इंजिन सतत एका बाजूला दाबलेलं राहील. हेडला धरणारे तीन ॲलन स्क्रू सैल होतात, ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आहेत, आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्टीलची गुंडाळी) टाका आणि बसवताना थ्रेडलॉक लावा. मूळ पत्र्याच्या स्टेडीच्या घडीवर चिरा बघा. सुधारणा करायची असेल तर रोज जॉइंटवाली स्टेडी घ्या, आडवी दांडी दोन्ही टोकांना गोळ्यावर फिरते, त्यामुळे वर-खाली आणि पुढे-मागे इंजिन मोकळं आणि आडवं मात्र पक्कं, म्हणजे जे काम खालचे फेस करतात तेच वर. वळणात याचा फरक पहिल्याच राउंडमध्ये जाणवतो. मार्क ३ ला कंपनीने हेड स्टेडीवर एक स्प्रिंग पण दिली होती, इंजिनचं थोडं वजन ती घेते आणि रबर कमी बसतं, जुन्या गाडीवर ती जोडता आली तर चांगलंच.

इंजिन रबरावर असल्यामुळे ते विजेच्या दृष्टीने चेसिसपासून तुटलेलं असतं. कमांडोमध्ये पॉझिटिव्ह अर्थ आहे, हेडपासून येणारी अर्थची वायर परत जोडली नाही तर गाडी कधी सुरू होते कधी नाही, किंवा करंट क्लच केबलमधून वाट शोधतो आणि केबल गरम होते. साधी वायर आहे, विसरली जाते. केबल, पेट्रोलची नळी, ऑइल होज, टॅकोची केबल या सगळ्यांना थोडी ढील ठेवा, आयडलला इंजिन किती उड्या मारतं ते बघितलंत तर कळेल का. सायलेन्सरचे मागचे रबर बॉबिन पण याच कामाचा भाग समजा, ते कडक किंवा तुटलेले असतील तर इंजिनची सगळी धडधड एक्झॉस्टमधून चेसिसमध्ये येते आणि दोष बिचाऱ्या आयसोलॅस्टिकवर जातो. एक्झॉस्टचे सगळे बोल्ट सैल ठेवून आधी इंजिन चालू करून थोडं हलू द्या, जिथे ते स्वतःहून बसेल तिथे टाइट करा.

आता चालवून बघा. आयडलला हँडल थरथरणार, डबल स्टँडवर पुढचं चाक हलताना दिसणार, तो दोष नाही. साधारण २५०० ते ३००० आरपीएमच्या मधे कुठेतरी धडधड एकदम विरघळल्यासारखी जाते आणि आरसा स्वच्छ दिसायला लागतो. ४००० ला पण फूटरेस्टवर मुंग्या येत असतील तर काहीतरी टेकतंय. एक एक करून बघा, हेड स्टेडी सोडवून एक छोटी फेरी मारा, फरक पडला तर तिथे, नाही पडला तर एक्झॉस्ट, मग चेनकेस आणि फूटरेस्टमधली जागा, मग गॅप परत मोजा. धडधड नाही पण वळणात मागचं चाक स्वतःच्या मनाने जातंय असं वाटलं तर गॅप वाढलाय किंवा स्पिंडल.

नवीन रबर आणि टेफ्लॉन पहिल्या काही शे मैलांत बसतात. पाचशे मैलांनंतर गॅप परत मोजा, बहुतेक वेळा दोन-तीन थाऊ वाढलेला असतो, तो काढून टाका आणि हेड स्टेडीचे तीन स्क्रू त्याच वेळी तपासा. त्यानंतर प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला, टायरची हवा बघता तसंच, फिलर गेज एकदा चारही बाजूंनी फिरवून घ्या.